घटक ४ : नायकाचा पुनरारंभ – ‘फास्टर फेणे’ : पुस्तकमालिका, दूरदर्शन मालिका आणि चित्रपट

४.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण साहित्यकृतीच्या माध्यमांतराची सैद्धांतिक बाजू पाहिली. या घटकाच्या अभ्यासानंतर उत्तरभाग, पुनर्निर्मिती आणि पुनरारंभ या तीन संकल्पनांतील फरक तुम्हांला उदाहरणांसह सांगता यावा, एकच नायक वेगवेगळ्या काळांत पुन्हा उभा केला जातो तेव्हा त्याचा कोणता अंश टिकतो व कोणता बदलतो याचा शोध घेता यावा, आणि या बदलाचा भाषिक अंगाने विचार करता यावा, अशी अपेक्षा आहे.

४.१ प्रास्ताविक

‘रिबूट’ हा शब्द संगणकाच्या व्यवहारातून चित्रपटाच्या चर्चेत आला. राधानगरीसारख्या ठिकाणी तो समजावून सांगण्यासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागत नाही. पावसाळ्यात वीज गेली की संगणक बंद पडतो. वीज आली की तो नव्याने सुरू करावा लागतो. आपण टंकलेखन करत असलेला, पण जतन न केलेला मजकूर नाहीसा झालेला असतो. जतन केलेल्या धारिका मात्र जागच्या जागी असतात. चित्रपटातील पुनरारंभही असाच असतो. आधीच्या मालिकेत घडत आलेल्या घटनांची साखळी पुसून टाकली जाते. नायकाचे नाव, त्याची ओळख, त्याच्या काही लकबी तेवढ्या जतन करून कथा पहिल्यापासून सुरू केली जाते.

उत्तरभागात आधीची कथा पुढे सरकते. पुनर्निर्मितीत तीच कथा पुन्हा सांगितली जाते. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पुढे बोलपटाचे युग आल्यावर पेंटर यांनीच १९३६ मध्ये त्याच कथेवर बोलपट केला. कर्जाच्या पाशात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा दोन्ही वेळा एकच आहे. म्हणून ही पुनर्निर्मिती होय, पुनरारंभ नव्हे.

पुनरारंभाची जगभर चर्चिली गेलेली उदाहरणे अतिमानवी नायकांच्या इंग्रजी चित्रपटांची आहेत. ‘बॅटमॅन’ची एक मालिका १९८९ ते १९९७ या काळात चार चित्रपटांपर्यंत चालली. चौथ्या चित्रपटाचे स्वागत फारच थंडे झाले. आठ वर्षांनी, २००५ मध्ये, दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘बॅटमॅन बिगिन्स’ काढला आणि आधीचे चार चित्रपट जणू झालेच नाहीत असे धरून नायक घडण्यापासून कथा सांगितली. ‘स्पायडरमॅन’च्या बाबतीत तर एवढाही अवकाश नव्हता. सॅम रॅमी यांचे तीन चित्रपट २००२ ते २००७ या काळात आले आणि २०१२ मध्ये नवा दिग्दर्शक, नवा नट घेऊन कथा पुन्हा पहिल्या पायरीवर आली. रॅमी यांच्या नायकाच्या मनगटातून कोळ्याचे जाळे आपोआप निघत असे. नव्या नायकाने ते सोडणारे यंत्र स्वतः तयार केले. चित्रकथांच्या वाचकांना हे यंत्र आधीच ठाऊक होते. म्हणजे नव्या चित्रपटाने जुन्या चित्रपटांना ओलांडून त्यांच्याही आधीच्या छापील रूपाशी नाते जोडले. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे लागणार आहे.

मराठीत अतिमानवी नायकाचे चित्रपट विरळच. निखिल महाजन यांचा ‘बाजी’ (२०१५) हा एक प्रयत्न. त्यात श्रेयस तळपदे यांनी मुखवटाधारी रक्षकाची भूमिका केली. पण त्याच्यामागे आधीची मालिका नव्हती. ज्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचन आहे आणि ज्याचा पुनरारंभ झाला, असा मराठी नायक शोधू गेल्यास हडकुळ्या अंगाचा, सायकलवरून सुसाट जाणारा एक शाळकरी मुलगाच समोर येतो.

४.२ विषयविवेचन

४.२.१ तीन रूपे

बनेश फेणे, राहणार फुरसुंगी, शिक्षणासाठी पुण्याच्या विद्याभवन शाळेत. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेल्या या मुलावर सुमारे वीस पुस्तके आहेत. भागवतांचा जन्म इंदूरचा. ‘बालमित्र’ या मासिकाचे संपादक म्हणून आणि ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणणारे लेखक म्हणूनही त्यांचे काम मोठे आहे. तथापि त्यांचे नाव घराघरांत पोहोचवले ते फास्टर फेणेने. सुभाष देसाई, माली यांसारखे सवंगडी, राम वाईरकरांची चित्रे आणि एकेका पुस्तकागणिक नवे ठिकाण असे या मालिकेचे स्वरूप आहे. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ ही शीर्षके पाहिली तरी हा मुलगा किती फिरला याची कल्पना येते.

दुसरे रूप दूरदर्शनवरील मालिकेचे. ती १९८० च्या दशकात प्रसारित झाली. त्या वेळी स्वतः किशोरवयात असलेले सुमीत राघवन यांनी त्यात फास्टर फेणे साकारला. तिसरे रूप म्हणजे ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पटकथालेखक क्षितिज पटवर्धन, निर्मात्यांमध्ये रितेश देशमुख आणि नायकाच्या भूमिकेत अमेय वाघ. येथे बनेश शाळकरी राहिलेला नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यात येतो. तेथे ओळख झालेल्या एका परीक्षार्थ्याचा मृत्यू होतो. ती आत्महत्या असल्याचे सांगितले जाते आणि बनेशला ते पटत नाही. शोध घेता घेता तो परीक्षेतील मोठ्या गैरव्यवहारापर्यंत आणि त्यामागच्या अप्पापर्यंत (गिरीश कुलकर्णी) पोहोचतो. पत्रकार अबोली (पर्ण पेठे) आणि भूभू नावाचा रस्त्यावरचा एक मुलगा त्याच्या सोबतीला असतात.

दूरदर्शन मालिकेने पुस्तकातल्या मुलाला मुलगाच ठेवले. म्हणून ते माध्यमांतर होय. चित्रपटाने त्याचे वय, काळ, प्रसंग आणि पुष्कळसे सोबती बदलले, आणि तरीही हा तोच बनेश फेणे असे म्हटले. म्हणून तो पुनरारंभ होय. स्पायडरमॅनप्रमाणे येथेही नव्या चित्रपटाने मधल्या दृश्यरूपाला ओलांडून थेट पुस्तकांशी नाते सांगितले आहे.

४.२.२ रूपिका आणि रूपिकांतरे : एक उपमा आणि तिची मर्यादा

भाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही रूपिकांतर ही संकल्पना अभ्यासली आहे. ‘घोडा’ हा शब्द विभक्तिप्रत्ययापूर्वी ‘घोड्या–’ असा होतो. रूप बदलले तरी आपण प्राणी बदलला असे म्हणत नाही. परिसर बदलला म्हणून रूप बदलले, एवढेच. कथानायकाकडेही असे पाहता येईल काय? बनेश फेणे ही एक रूपिका. १९८० च्या दशकातील दूरदर्शनचा परिसर मिळाला की तिचे एक रूपिकांतर, २०१७ च्या चित्रपटगृहाचा परिसर मिळाला की दुसरे.

ही उपमा मी अनेक वर्षे वर्गात वापरली आणि ती विद्यार्थ्यांना आवडतेही. मात्र ती अर्ध्यावर थांबते हे सांगितले पाहिजे. ‘घोडा’चे ‘घोड्या–’ होताना अर्थ तसाच राहतो. कथानायकाचे वय बदलले की अर्थच बदलतो, आणि या उदाहरणात तर बदललेला हाच घटक सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण ४.२.४ मध्ये येऊ. त्याआधी जे टिकले ते पाहू, कारण ते बहुतांशी भाषेत टिकले आहे.

४.२.३ नाव आणि आवाज

‘फास्टर’ हे इंग्रजीतील तरतमभाववाचक रूप. तरभाव म्हटला की तुलना आली. कोणापेक्षा तरी अधिक वेगवान. मराठीत ही तुलना ‘–पेक्षा’ने व्यक्त होते आणि तुलनेचा दुसरा पक्ष वाक्यात हजर असतो. ‘फास्टर फेणे’मध्ये असा दुसरा पक्ष नाही. मराठीत आल्यावर या शब्दाची तुलना गळून पडली आणि ‘पैलवान’, ‘मास्तर’ यांसारखी नावाला चिकटणारी उपाधी तेवढी उरली. त्याला ‘फास्ट फेणे’ म्हणून पाहा. नावातला सगळा ठेका नाहीसा होतो.

दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘फ’ आहे आणि डोळ्यांना तो अनुप्रास दिसतो. कानांना मात्र तो नेहमीच ऐकू येतो असे नाही. आपल्याकडील वडीलधारी माणसे ‘फणस’, ‘फळी’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून महाप्राण उच्चार करतात. ‘फेणे’तला फ मूळचा हाच. इंग्रजी ‘फास्टर’मधील ध्वनी दंतौष्ठ्य आहे, खालचा ओठ वरच्या दातांना लावून होणारा. देवनागरीत दोहोंना एकच अक्षर. नव्या पिढीतील अनेकांच्या तोंडी ‘फळ’सुद्धा दंतौष्ठ्य झाले आहे, त्यामुळे त्यांना हा अनुप्रास पूर्ण ऐकू येतो. आजोबा आणि नातू हे नाव उच्चारतील तेव्हा ऐकून पाहा. ‘फाफे’ हे लघुरूप आद्याक्षरांचे आहे. पु. ल., जी. ए., व. पु. अशी लेखकांची नावे आद्याक्षरांत जपणाऱ्या मराठी वाचकाने भा. रां.च्या नायकालाही तोच मान दिला, असे म्हणायला हरकत नाही.

आता ‘ट्टॉक्’. जीभ टाळूला चिकटवून झटक्याने सोडली की होणारा हा आवाज फास्टर फेणेची खूण आहे. असा आवाज मराठीच्या वर्णमालेत नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू, खोसा या भाषांत अशा आवाजांना व्यंजनांचा दर्जा आहे. आपण हळहळ व्यक्त करताना ‘च्‌च्‌’ असे काही तोंडाने करतो, तेही त्याच जातीचे, पण ते शब्दाचा भाग होत नाही. जो आवाज भाषेच्या व्यवस्थेत नाही तो लिहायचा कसा? भागवतांनी केलेली जुळणी निरखून पाहा. मराठीत शब्दाच्या आरंभी द्वित्त येत नाही. त्यांनी ‘ट्ट’ने आरंभ केला. ‘ऑ’ हा स्वर इंग्रजी शब्दांबरोबर आपल्याकडे आलेला. आणि ‘टाक’, ‘नट’ यांच्या शेवटी उच्चारात अकार नसूनही आपण पाय मोडत नाही. येथे तो मुद्दाम मोडला आहे, म्हणजे आवाज तेथेच तुटतो हे डोळ्यांना कळावे. भाषेचे नियम मोडून भाषेबाहेरचा आवाज कागदावर आणण्याचे काम एका बालसाहित्यिकाने इतक्या नेमकेपणाने केले. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी याची दखल घ्यायला हवी होती.

एका संपर्कसत्रात मी हा शब्द फळ्यावर लिहून वाचायला सांगितला. ज्यांनी पुस्तके वाचली नव्हती त्यांनी अक्षरे वाचली. ज्यांनी वाचली होती त्यांनी जीभ टाळूला लावली आणि वर्गात एकदम आवाज झाला. मागच्या बाकावरच्या, दोन मुलांची आई असलेल्या एका विद्यार्थिनीचा आवाज सर्वांत मोठा होता. पुस्तकातील ‘ट्टॉक्’ वाचकाला स्वतः करून पाहावा लागतो. वाचक थोडा वेळ फास्टर फेणे होतो. पडद्यावर तो नट करतो आणि आपण ऐकतो. नटाने तो कितीही चांगला केला तरी वाचकाकडचे एक काम त्याने काढून घेतलेले असते. माझ्या लहानपणी आमच्या गावात दूरचित्रवाणी संच मोजके होते. शेजारच्या माजघरात दाटीवाटीने बसून ही मालिका पाहिली तेव्हा तो आवाज माझ्या आवाजासारखा नव्हता, याचे मला वाईट वाटल्याचे आठवते. हा दोष अर्थातच मालिकेचा नव्हता.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या परिसरात बैलांना हाकताना, कोंबड्यांना बोलावताना वा लहान मुलाला गप्प करताना केले जाणारे आवाज देवनागरीत लिहून पाहा. कोणत्या आवाजासाठी अक्षर सापडत नाही?

४.२.४ वयाचा प्रश्न

पुस्तकांतील फास्टर फेणे मोठा होत नाही. एका कथेत १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धाचा काळ आहे, दुसरीत विमान पळवणाऱ्यांशी गाठ आहे. देश बदलतो, पण बनेश शाळेतच असतो. वाचक मात्र मोठे होतात आणि मालिकेतून बाहेर पडतात. त्यांच्या जागी नवे वाचक येतात. बालनायकाच्या मालिकेची ही रीतच आहे.

चित्रपटाने त्याला प्रवेशपरीक्षेच्या वयाचा केला, तोही तिशीच्या उंबरठ्यावरील नट घेऊन. हा निर्णय का घेतला गेला असावा, हे समजणे अवघड नाही. ज्यांनी पुस्तके वाचली ते २०१७ मध्ये प्रौढ झाले होते आणि तिकीट काढणारे तेच होते. शिवाय एकट्या शाळकरी मुलाने रात्री-अपरात्री गुन्हेगारांच्या मागे जाणे आजच्या पालकांना कितपत रुचेल, हाही प्रश्न आहेच. नोलन यांनी बॅटमॅनला चित्रकथेच्या रंगीत जगातून उचलून वास्तवाच्या जवळ आणले. येथेही तसेच झाले. जुन्या कथाविश्वात चोर पकडला की प्रश्न सुटतो, कारण व्यवस्था मुळात शाबूत आहे असा त्या कथांचा विश्वास आहे. चित्रपटात ज्या परीक्षेवर विश्वास ठेवून मुले गावे सोडतात, ती परीक्षाच पोखरलेली आहे. बाबूराव पेंटरांच्या शेतकऱ्याची जमीन सावकाराने घेतली. आजचा शेतकरी मुलाच्या शिकवणीवर्गासाठी कर्ज काढतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरांत ही गोष्ट सांगावी लागणार नाही. मृत्यूवर विश्वास न ठेवणारा बनेश येथे केवळ कोडे सोडवत नाही; गेलेल्या मुलाच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे, हे त्याला कळलेले आहे. हा अर्थ जुन्या मालिकेत नव्हता आणि तो चित्रपटाने मिळवलेला आहे.

खलनायकाचे नावही पाहण्यासारखे आहे. ‘अप्पा’ हे आपल्याकडे घरातल्या किंवा भावकीतल्या ज्येष्ठाचे आदरार्थी संबोधन. या नावाच्या माणसाला ‘अरे’ म्हणता येत नाही. सत्ता नात्याच्या शब्दात गुंडाळून आली की तिच्याशी भांडणे अवघड होते. दादा, अण्णा, भाऊ या संबोधनांचे सार्वजनिक जीवनातील स्थान तुम्ही जाणताच.

असे असूनही माझे मत थोडे वेगळे आहे. पुस्तकांतील बनेशकडे बॅटमॅनची संपत्ती नाही, स्पायडरमॅनची शक्ती नाही. तो मूल असणे हीच त्याची शक्ती आहे. मोठी माणसे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, म्हणून त्याला दिसते ते त्यांना दिसत नाही. सायकल हे त्याचे वाहन, कारण मुलाला स्वतःच्या बळावर मिळणारा तेवढाच वेग. तरुण बनेश हुशार आहे, धाडसी आहे. परंतु हुशार आणि धाडसी तरुण चित्रपटांत पुष्कळ असतात. चित्रपटात मुलाची जागा भूभूला मिळते, तीही नायकाचा सोबती म्हणून. दहा वर्षांच्या वाचकाला स्वतःचा म्हणता येईल असा नायक पुनरारंभात प्रौढांकडे गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आला नाही.

बंगालीत यापेक्षा वेगळा मार्ग निघाला. सत्यजित राय यांनी स्वतःच्या कथांतील फेलुदा ‘सोनार केल्ला’ (१९७४) व ‘जय बाबा फेलुनाथ’ (१९७९) या चित्रपटांत सौमित्र चटर्जी यांच्याकडून उभा केला. पुढे संदीप राय यांनी सव्यसाची चक्रवर्ती यांना घेऊन चित्रपट केले. नट बदलले, काळ पुढे आणला, पण प्रौढ फेलुदा आणि त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे ही जोडी तशीच राहिली. कथा सांगणारा तोपशेच असल्याने बालवाचकाची जागा कथेतच राखलेली होती. बनेशच्या बाबतीत अशी राखीव जागा नव्हती, हे चित्रपटकर्त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

४.२.५ कथेत आलेला लेखक

चित्रपटात बनेश पुण्यात ज्यांच्याकडे उतरतो ते गृहस्थ म्हणजे भा. रा. भागवत. ही भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. २००१ मध्ये निवर्तलेला लेखक आपल्याच पात्राच्या नव्या कथेत घरमालकासारखा वावरतो, ही कल्पना निवेदनशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पात्र कोणाचे, या प्रश्नाला तिने परस्पर उत्तर दिले आहे : मूळ लेखकाच्या घरातून बाहेर पडल्याशिवाय नवा नायक आपल्या मार्गाला लागत नाही. योगायोग असा, की प्रभावळकर स्वतः ‘बोक्या सातबंडे’ या दुसऱ्या लोकप्रिय बालनायकाचे लेखक आहेत. एका बालनायकाचा जनक दुसऱ्याच्या जनकाच्या वेषात पाहताना जाणत्या वाचकाला जो आनंद होतो, तो पुस्तके न वाचलेल्या प्रेक्षकाला होणार नाही.

तो प्रेक्षक मला वर्गातच भेटला. दाजीपूरच्या रस्त्यावरील एका वाडीतून येणारा हा विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या शाळेत ग्रंथालयच नव्हतं. मी पिक्चर बघितला आणि मग पुस्तक मागितलं. पुस्तकातला फाफे एवढा लहान कसा, असं मला वाटलं.” आपण ‘मूळ’ आणि ‘नंतरचे’ असे शब्द वापरतो तेव्हा आपला वाचनक्रम सर्वांचा आहे असे गृहीत धरतो. त्याच्यासाठी चित्रपट आधीचा होता आणि पुस्तक हे त्याचे बालपणात नेलेले रूप. त्याने नंतर आठ पुस्तके वाचली. तीन परत केली, पाच अजून त्याच्याकडे आहेत.

४.३ स्वाध्याय व उपक्रम

१. उत्तरभाग, पुनर्निर्मिती आणि पुनरारंभ यांतील फरक ‘सावकारी पाश’ व ‘फास्टर फेणे’ यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘नायकाचे वय बदलले की कथेचा अर्थ बदलतो.’ या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात? प्रस्तुत लेखकाच्या मताचा प्रतिवाद करावयाचा असल्यास तो साधार करा.

३. फास्टर फेणेचे कोणतेही एक पुस्तक मिळवा. त्यातील एक प्रकरण दहा ते बारा वर्षांच्या मुलाला अथवा मुलीला मोठ्याने वाचून दाखवा. ‘ट्टॉक्’ हा शब्द आला की स्वतः आवाज न करता थांबा. मूल काय करते ते पाहा आणि त्याची नोंद आठ-दहा ओळींत करून पुढील संपर्कसत्रास घेऊन या.